नाक आणि हवामान



बाळंतघरातले एक दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. आजी पाय लांब करून पाटावर बसते, पायांवर बाळाला घेऊन तेल चोळते आणि शेवटी त्याचे नाक चिमटीत धरून हलकेच ओढते. नाक चाफेकळीसारखे व्हावे, ही तिची इच्छा. बाळ रडून घर डोक्यावर घेते. नाक मात्र आईबापांवर जायचे तसेच जाते. आजीच्या चिमटीला जे साधत नाही, ते हवामानाने हजारो वर्षांत थोडेफार साधले असावे, असे शास्त्रज्ञांना वाटते. ते कसे, हे आज पाहू.

नाक केवळ वास घेण्यासाठी नाही. फुप्फुसे मोठी नाजूक. त्यांना कोरडी किंवा फार थंड हवा सोसत नाही. म्हणून बाहेरची हवा नाकातील ओलसर अस्तरावरून, आतल्या वळणावळणांच्या हाडांमधून फिरत जाते आणि फुप्फुसांत पोहोचेपर्यंत शरीराइतकी उबदार व पुरती दमट होते. डिसेंबरातल्या सकाळी नाकाखाली आरसा धरून श्वास सोडा. त्यावर जे धुके जमते, तो हाच ओलावा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. त्याला एक पैसा लागत नाही.

आता आपला यवतमाळचा मे महिना आठवा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, हवा भाजून निघते आणि पोरांचा घोळणा फुटतो. कोरड्या हवेने नाकाचे अस्तर सुकते, तडकते आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. शेतावर जाणारा माणूस नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळतो, तो काही नुसता उन्हासाठी नाही. श्वासातला ओलावा त्या कापडात राहतो आणि पुढच्या श्वासाला उपयोगी पडतो.

नाकपुडी अरुंद असली की हवा अस्तराला अधिक घासून जाते. तिला ऊब आणि ओल लवकर मिळते. थंड व कोरड्या मुलुखात अशी नाके असणाऱ्यांना श्वासाचे विकार थोडे कमी झाले असतील, त्यांची मुले थोडी अधिक जगली असतील. पिढ्यान्‌पिढ्या असे घडले की तीच ठेवण वाढत जाते. उष्ण व दमट प्रदेशात हवा आधीच तयार असते. तिथे रुंद नाकाने काही बिघडत नाही. टॉमसन आणि बक्स्टन या इंग्रज विद्वानांनी १९२३ साली जगभरची मापे जमवून हा संबंध मांडला. २०१७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी तो पुन्हा तपासला. नाकपुडीची रुंदी पूर्वजांच्या मुलखातील तापमानाशी व हवेतील ओलाव्याशी जुळते, असे त्यांना दिसले. नाकाच्या इतर काही मापांतले फरक मात्र निव्वळ योगायोगानेही पडलेले असू शकतात. म्हणजे सगळे श्रेय हवामानाला देता येत नाही.

येथे एक कटू इतिहास सांगितलाच पाहिजे. रिस्ली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गेल्या शतकाच्या आधी, १८९१ साली, बंगालमधील जातींवर ग्रंथ लिहिला. लोकांची नाके मोजून तो म्हणाला, नाक जितके अरुंद तितकी जात उच्च! हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. पुढे मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ती मापे प्रांतवार तपासली. उत्तर हिंदुस्थानचा एक भाग सोडला, तर नाकाचा क्रम आणि जातीचा क्रम जुळेना. त्याच मापांचा आधार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य मानलेले लोक वंशाने वेगळे नाहीत. ज्या फूटपट्टीने माणसांची उतरंड रचली होती, त्याच फूटपट्टीने ती मोडली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गात कोलाम, गोंड, बंजारा, कुणबी अशी सगळी लेकरे एका बाकावर बसतात. त्यांत कुणी कुणाला ‘नकटा’ म्हणून हिणवतो आणि ते मूल हळूच तोंड वळवते. त्या वेळी त्याला जवळ घेऊन सांगा, बाळ, तुझे नाक ही तुझ्या पूर्वजांची पुंजी आहे. कोणत्या मुलखात, कोणत्या वाऱ्यात ते जगले, याची खूण त्यात थोडीबहुत असेल. तुझी लायकी मात्र त्यात लिहिलेली नाही.

आणि त्या आजीबाईंनाही सांगा, तेल खुशाल लावा. नाक मात्र ओढू नका. ते हजारो वर्षांच्या उन्हावाऱ्यातून तावूनसुलाखून आले आहे.