घशात नळी जाते तेव्हा बीपीचं काय होतं?

मी भूलतज्ज्ञ, राहणारा गासचा, आपल्या नालासोपारा पश्चिमेचा. गावात लग्नाच्या मांडवातसुद्धा लोक मला एकच विचारतात, "भूल दिल्यावर माणूस परत उठतो ना?" उठतो हो! आज जरा त्याच्या पुढचं सांगतो.

मोठ्या ऑपरेशनला पेशंट झोपला की श्वासासाठी नळी घालतो. लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेवर टेकवून घसा उघडायचा. पेशंटला काही कळत नसतं, पण शरीराला कळतं. ॲड्रेनॅलिन उसळतं, नाडी धावते, वरचा बीपी मिनिटाभरात २०-२५नं चढू शकतो, बीपीवाल्यांचा त्याहून जास्त. पाचेक मिनिटांत ओसरतं. धडधाकट पोराला काही होत नाही. पण मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असेल तर तीच पाच मिनिटं जिवावर बेततात. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईचं सीझर पूर्ण भूल देऊन करायचं असेल, तर आधी लॅबेटॅलॉल देऊन वरचा आकडा १६०च्या खाली आणतो. नाहीतर मेंदूत रक्तस्रावाची भीती.

बाकीच्यांना फेंटानिल, नळीच्या काही मिनिटं आधी. माझं आवडतं एस्मोलॉल. मिनिटा-दोन मिनिटांत काम सुरू, आणि साधारण ९ मिनिटांत अर्धं संपलेलं, कारण रक्तातल्या लाल पेशीच त्याचा निकाल लावतात. दमेकऱ्याला मात्र जपून.

गंमत पुढेच आहे. नळी बसली, चाकू अजून लागला नाही, की बीपी उलटा कोसळतो. प्रोपोफॉलचा प्रताप! म्हणून मेफेन्टरमिनची सिरिंज भरून हाताशीच ठेवतो.

आता तुमचं काम. "उपाशी या" म्हटलं की घरची मंडळी गोळ्याही बंद करतात. ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल सहसा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते. मेटोप्रोलॉल एकदम थांबवली तर नाडी आणि बीपी उसळतात. टेल्मिसार्टन मात्र बऱ्याचदा आदल्या दिवसापासून थांबवायला सांगतो, कारण त्यानं भुलेत बीपी फार पडतो. स्वतः ठरवू नका, भूलतज्ज्ञाला विचारा. आणि आईला नाव विचाराल तर ती "सकाळची पांढरी गोळी" एवढंच सांगेल. आमच्या निम्म्या काकी-मावश्या तेच सांगतात. तेव्हा पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, मागची बाजू, नाव आणि मिलिग्रॅम वाचता येईल असा.