चार वसाहती आणि तीस वर्षे

आनुवंशिक माहिती साठवणारा डीएनए हा रेणू अत्यंत स्थिर आहे अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वास्तविक पेशीतील पाणी, प्राणवायू आणि उन्हातील अतिनील किरण त्याची सतत मोडतोड करीत असतात, आणि विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, ती अखंड दुरुस्त करीत राहतात म्हणूनच सजीव टिकून आहेत.

या दुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्या इव्हलिन विट्किन यांचे स्मरण पदवीदान समारंभात विशेष उचित आहे. 1941 साली पदवी हाताशी आली असताना, लिओनार्ड बेट्स या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला एका सामन्यातून वगळल्याचा निषेध केल्याबद्दल न्यूयॉर्कमधील त्यांच्या विद्यापीठाने त्यांच्यासह सात विद्यार्थ्यांना निलंबित केले, आणि त्याच सात जणांचा सन्मान करण्यास 2001 साल उजाडले. पुढे 1944 च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्यांनी ई. कोलाय जिवाणूंवर अतिनील किरणांचा मारा केला; मात्रा इतकी जास्त होती की चारच वसाहती वाचल्या. इतर पेशी विभाजन थांबवून लांबलचक तंतू का बनतात आणि हे चार वाण तगून का राहतात, या प्रश्नाची त्यांनी पाठ सोडली नाही. डीएनएला इजा होताच रेकए हे प्रथिन जागे होते, त्यामुळे लेक्सए हे रोधक प्रथिन तुटते आणि दबून राहिलेली दुरुस्तीची अनेक जनुके एकदम कामाला लागतात, हे एसओएस प्रतिसादाचे चित्र मिरोस्लाव्ह राडमन आणि विट्किन यांच्या कामातून आकार घेऊ लागेपर्यंत 1970 चे दशक अर्धे सरले होते.

चार वसाहतींपासून या उत्तरापर्यंत तीस वर्षे लागली, आणि प्रस्तुत वक्त्याची व्यवसायाविषयीची जुनी तक्रार नेमकी येथे आहे. तिसऱ्या वर्षअखेर काय सिद्ध होईल हे प्रस्तावातच लिहून मागणाऱ्या आणि जिवाणूंच्या अभ्यासाचा उपयोग काय असे विचारणाऱ्या परीक्षण समित्यांपुढे उमेदीचा मोठा काळ खर्ची पडला. 1964 साली जिवाणूंमध्ये दिसलेली डीएनएचा बिघडलेला तुकडा कापून काढण्याची क्रियाच ऊन सोसू न शकणाऱ्या, त्वचेचा कर्करोग जडणाऱ्या काही रुग्णांत सदोष असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्येच दाखवले होते, तरीही तो प्रश्न विचारला जाई. असल्या समित्यांना तोंड देताना तरुण संशोधक अपेक्षेशी न जुळणारी निरीक्षणे अहवालातून हळूच गाळू लागतात. ही सवय प्रयोगशाळेला आतून पोखरते, म्हणून स्नातकांनी ती पहिल्याच वर्षी लागू देऊ नये, न जुळणारी प्रत्येक नोंद तारखेसह जपावी आणि मार्गदर्शकाने हटकले तरी ती खोडू नये, असे निक्षून सांगणे आवश्यक आहे. विद्यापीठांनीही प्रत्येक विभागात निदान एका संशोधकाला, निष्कर्ष आधी लिहून न मागता, दहा वर्षांचे वेतन द्यावे, ही मागणी कुलगुरूंच्या उपस्थितीत नोंदवली जात आहे.