किंमत आणि चव

(डोंबिवली येथे ग्राहकांपुढे केलेल्या भाषणावरून)



चैत्र सरता सरता कल्याणच्या घाऊक बाजारापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत हापूसचा दरवळ सुटतो आणि घराघरांत पहिला प्रश्न येतो, 'काय भावाने आणला?' आंब्याची गोडी पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, असे मी म्हटले तर आपणांस थट्टा वाटेल.

२००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २० जणांना एकच वाइन एकदा १० डॉलरची व एकदा ९० डॉलरची म्हणून चाखावयास दिली. ९० डॉलरची त्यांना अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर सुखद अनुभवाशी निगडित असलेला मेंदूचा भागही त्या वेळी अधिक उद्दीपित झाल्याचे यंत्राने टिपले. मंडळी खोटे बोलत नव्हती, सुख खरोखरीच वाढले होते! पुढे किंमत न सांगता तीच वाइन दिली, तेव्हा हा भेद उरला नाही.

आमच्या घरी हा प्रयोग नकळत घडला. गेल्या हंगामात मी १२०० रुपये डझनाची, 'देवगड' छापलेली पेटी आणली आणि मुरबाडच्या एका बागायतदाराकडून ५०० रुपयांचा एक डझनही घेतला. फोडी करताना ताटल्यांची अदलाबदल झाली. आमचे व्याही मुरबाडच्या फोडी खात 'शेवटी देवगड तो देवगड' म्हणत राहिले. खरा प्रकार सांगताच त्यांनी आणखी एक फोड चाखली आणि निर्वाळा दिला, 'किंचित आंबटच आहे.'

आम्ही हसलो खरे; पण यात त्या बागायतदाराची वर्षाची कमाई गुंतलेली असते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड यांच्याबरोबर पालघर व आपला ठाणे जिल्हाही आहे. तरी नावाची पेटी नाही म्हणून मुरबाडचा आंबा स्वस्तात जातो आणि परप्रांतीचा आंबा 'देवगड' म्हणून चढ्या भावाने खपतो. हंगामाच्या आरंभीचा आंबा महाग असतो तो दुर्मीळ म्हणून, अधिक गोड म्हणून नव्हे. आणि साका? तो बाहेरून दिसत नाही. महागड्या पेटीतही निघतो.

मुरबाडच्या त्या बागायतदाराने मात्र एक आंबा कापून फोड माझ्या हातावर ठेवली होती. भाव त्याने नंतर सांगितला.