चैतन्य ताम्हाणे : 'कोर्ट' ते कुआरोनचा सेट

कोंढ्याहून बोलतोय. बाहेर धानाची मळणी सुरू आहे, मागून आवाज आला तर सांभाळून घ्या.

हॉलिवूडच्या दिग्दर्शकावर एक भाग करा, असं बरेच जण म्हणत होते. करतो, पण जरा आडवाटेनं. 'ग्रॅव्हिटी'वाला अल्फान्सो कुआरोन मेक्सिकोत 'रोमा'चं शूटिंग करत होता, तेव्हा सेटवर मुंबईचा एक मराठी पोरगा त्याचं काम बघत होता. चैतन्य ताम्हाणे, जन्म १९८७. रोलेक्सच्या एका योजनेत मोठा कलावंत एका तरुणाला हाताशी धरतो. कुआरोननं याला धरलं.

तोवर त्याच्या नावावर पूर्ण लांबीचा एकच सिनेमा होता, 'कोर्ट'. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करला. गोष्ट काय, तर गटार साफ करणारा एक कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलीस म्हणतात, शाहीर नारायण कांबळेचं गाणं ऐकून त्यानं आत्महत्या केली. म्हातारा शाहीर आत! आणि मग तारखा. एका बाईनं बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून तिची सुनावणी पुढे ढकलली जाते. हसू येतं, आणि लगेच लाज वाटते.

या कांबळेचं काम केलं आपल्या नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते खऱ्या आयुष्यातही चळवळीतलेच, म्हणून तो माणूस नट वाटतच नाही.

सिनेमा संथ आहे, हे आधीच सांगतो. कॅमेरा एका जागी उभा, कोर्टातल्या बाकावर बसल्यासारखा. पण आपण झाडीपट्टीवाले, मंडपात रात्रभर नाटक बघणारे. आपल्याला दोन तास जड जाऊ नयेत.

दुसरा सिनेमा 'द डिसायपल', २०२०. इथे कुआरोन कार्यकारी निर्माता झाला आणि व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं शिकतो, वर्षानुवर्षं घासतो, पण ते गळ्यात उतरत नाही. एमपीएससीचे ॲटेम्प्ट मोजणाऱ्यांना हा शरद फार जवळचा वाटेल. रात्री रिकाम्या रस्त्यावर बाइक चालवत तो कानात हेडफोन घालून 'माईं'ची जुनी भाषणं ऐकतो. म्हणजे एका अर्थी पॉडकास्टच! तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा.

आता एक योगायोग. 'द डिसायपल' ३० एप्रिल २०२१ला नेटफ्लिक्सवर आला. त्याच महिन्यात साथीदार कोरोनानं गेले आणि सुमित्राताईही गेल्या. आमच्याकडे तेव्हा जो तो ऑक्सिजनच्या मागे धावत होता, सिनेमाकडे कोण बघणार? मी तो खूप उशिरा पाहिला, मोबाइलवर, दोन रात्रींत.

तुम्ही आधी 'कोर्ट' बघा. आणि शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश काय करतात, ते मला कमेंटमध्ये लिहून पाठवा. त्यावर बोलायचंय.