वीस अक्षरांची ओळख : कर्जदार संस्थांच्या नोंदींची एकत्रित पडताळणी

गावच्या दप्तरात जमिनीची ओळख धारकाच्या नावावरून पटत नाही, ती गट क्रमांकावरून पटते, हे पंचायत सदस्यांना नव्याने सांगावयास नको. गावात एका नावाचे चार खातेदार असतील; पण एका क्रमांकाचे दोन गट नसतात. कंपन्या, सहकारी संस्था आणि न्यास यांच्या बाबतीत जगभर चालेल अशी सोय मात्र फार उशिरा झाली.

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली. तिच्या उपकंपन्या अनेक देशांत पसरलेल्या होत्या. आपली रक्कम त्यांपैकी नेमकी कोणाकडे अडकली आहे, हे भल्याभल्या बँकांना लवकर सांगता येईना. प्रत्येक दप्तरात नाव निराळे आणि संकेतांकही निराळा! या अनुभवातून २०१२ साली जी-२० राष्ट्रांच्या पाठिंब्याने ‘लीगल एंटिटी आयडेंटिफायर’, म्हणजेच एलईआय, हा वीस स्थानांचा क्रमांक अस्तित्वात आला. २०१४ मध्ये त्याच्या देखरेखीसाठी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ‘ग्लाईफ’ ही संस्था स्थापन झाली. भारतात हे क्रमांक देणारी एक संस्था मुंबईत असून ती क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची उपकंपनी आहे.

हा विषय केवळ मोठ्या पेढ्यांपुरता राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नागरी सहकारी बँकांच्या मोठ्या कर्जदार संस्थांनाही हा क्रमांक टप्प्याटप्प्याने आवश्यक झाला. पाच ते दहा कोटी रुपयांच्या गटासाठीची शेवटची मुदत ३० एप्रिल २०२५ होती. क्रमांक नसेल तर नवे कर्ज नाही, जुन्याचे नूतनीकरण नाही आणि मर्यादेत वाढही नाही. तालुक्याच्या गावची एखादी तेलगिरणी केवळ कागदावरील एका चुकीच्या अक्षरामुळे ऐन हंगामात खोळंबू शकते, ती येथे.

आता बँकेची अडचण पाहावी. मुख्य कार्यालयात शाखाशाखांतून क्रमांकांच्या याद्या येतात. त्यांत कोठे शून्याच्या जागी ‘ओ’ हे रोमन अक्षर असते, तर कोठे मध्येच मोकळी जागा सुटलेली असते. संगणकावरील तक्त्यात केवळ अंकांचा क्रमांक संख्या म्हणून भरला, तर पंधराव्या स्थानानंतरचे अंक शून्य होऊन बसतात, आणि भरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. शेकडो क्रमांक एकेक करून पाहण्यात कारकुनाचे कित्येक दिवस जातात. अशा कामासाठी एकत्रित शोध घेणारी संगणक-आज्ञावली उपयोगी पडते. मूळ नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत, आणि त्यांची एकत्रित संचिका दिवसातून तीन वेळा अद्ययावत होते.

आज्ञावली प्रथम घरच्या घरी छाननी करते. क्रमांकातील अक्षरांना संख्या दिल्या जातात. ‘ए’ला १०, ‘बी’ला ११, याप्रमाणे ‘झेड’ला ३५. त्यातून तयार होणाऱ्या लांबलचक संख्येस ९७ ने भागिले असता बाकी १ उरली पाहिजे. ती तशी उरावी म्हणूनच शेवटचे दोन अंक जोडलेले असतात. एखादे अक्षर चुकले किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झाली, तर चूक बहुधा येथेच पकडली जाते. शाळेतील गणिताच्या तासाला हे उदाहरण घालण्यास हरकत नसावी.

त्यानंतर प्रत्येक क्रमांकाची नोंद येते : अधिकृत नाव, नोंदणीकृत पत्ता, मूळ नोंदणी क्रमांक, पुढील नूतनीकरणाची तारीख आणि, कळविली असल्यास, पालक कंपनी. पहिल्या चार स्थानांवरून क्रमांक मूळ कोणी दिला ते समजते. त्यावरून कंपनीचा देश ठरविण्याची चूक पुष्कळांकडून होते.

खरी दक्षता याच्यापुढे हवी. क्रमांक सापडला म्हणजे तो जुळला, असे नव्हे. उपकंपनीच्या अर्जावर पालक कंपनीचा क्रमांक लिहिला असेल, तर भागाकार बिनचूक येईल, नोंदही मिळेल. पण कर्जदार भलताच ठरेल. म्हणून अर्जातील नाव आणि नोंदीतील नाव यांची तुलना अपरिहार्य आहे. आपल्याकडे ‘श्री’ रोमन लिपीत दोन प्रकारे लिहितात, ‘लक्ष्मी’चेही तसेच. यंत्र असा फरक दाखवील. दोन्ही नावे एकाच संस्थेची आहेत काय, हे शाखेतील माणसानेच नोंदणी प्रमाणपत्र पाहून सांगावयाचे.

‘व्यपगत’ या शेऱ्यानेही घाबरून जाऊ नये. संस्था बंद पडली, असा त्याचा अर्थ नाही. वार्षिक नूतनीकरण न झाल्याने माहितीची फेरतपासणी झालेली नाही, एवढेच तो सांगतो. संस्था खरोखर विसर्जित झाली असल्यास ती स्थिती नोंदीत स्वतंत्रपणे दाखविलेली असते. काही बँका यादी छापताना हे दोन शेरे एकाच रकान्यात घालतात. ते वेगळे ठेवावेत, आणि यादीच्या माथ्यावर शोधाची तारीख व वेळ घालावी. दुपारच्या संचिकेत सकाळचा ‘व्यपगत’ शेरा गेलेला असू शकतो.