आयोग, खटला आणि नावाची पट्टी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार माणसं. शाळा जेमतेम झाली, बाकीचं वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि मोर्चे यांनी शिकवलं. आज बोलायचं आहे ते मोर्चातल्या लाठी-गोळीबद्दल. लाठी कशी बसते ते इथल्या पुष्कळांना माहीत आहे. नंतर काय होतं, ते सांगतो.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपूरला हिवाळी अधिवेशन. आदिवासींच्या सवलती मागायला गोवारींचा मोर्चा विधानभवनावर निघाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही गावोगाव गुरं राखणारा हा समाज आहे. मॉरिस कॉलेजजवळ मोर्चा अडवला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यात बाया आणि लेकरं जास्त. आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. न्या. दाणी आयोग बसला. आयोगाने कोणालाच जबाबदार धरलं नाही. नागपुरात आज स्मारक आहे, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. एकशे चौदा मढी, आणि आरोपी एकही नाही! हे कसं होतं बापा?

तर आयोग म्हणजे कोर्ट नव्हे, हे पहिल्यांदा समजून घ्या. १९५२ च्या कायद्याने आयोग नेमतात. तो शिक्षा देत नाही, त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नाही. वर त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात असं आहे की, आयोगापुढे माणूस जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. खोटी साक्ष दिली तरच अपवाद. आपले लोक मात्र आयोग बसला म्हणजे न्याय लागला, असं समजून घरी जातात.

दुसरं उदाहरण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचं. ११ जुलै १९९७ ची सकाळ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली, लोक रस्त्यावर आलेले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पोलिसांचं म्हणणं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्या. गुंडेवार आयोगाने मात्र गोळीबार असमर्थनीय ठरवला. इथं फरक असा पडला की लोक आयोगावर थांबले नाहीत. हुकूम देणारा फौजदार मनोहर कदम, हे नाव त्यांनी सोडलं नाही. फौजदारी खटला उभा राहिला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. बारा वर्षं लागली. पुढे उच्च न्यायालयात जामीन मिळून तो बाहेर आला, हेही सांगितलं पाहिजे. पण कोर्टाच्या कागदावर नाव चढलं ते चढलंच.

आता अगदी अलीकडचं. डिसेंबर २०२४, परभणी. पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, बंद झाला, पोलीस वस्त्यांत घुसले. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण पकडला गेला आणि १५ डिसेंबरला कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. विधानसभेत मात्र मारहाण झाली नाही, आजार होता, असं सांगण्यात आलं. त्याच्या आईने सरकारचे दहा लाख नाकारले आणि ती माय कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही ३० जुलैला हरलं. म्हणजे साधा गुन्हा नोंदवून घ्यायलाच साडेसात महिने!

गिरणीत खराब सूत निघालं तर त्या पाळीला त्या साच्यावर कोण होतं, हे रजिस्टरात सापडतं. लाठी कोणाच्या हातात होती, हे का सापडू नये? डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद व्हावा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही आणि वेळ हवी. नातेवाइकाला कळवावं. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरने तपासावं. हे काही मेहरबानी म्हणून मागायचं नाही.

आपली पोरं पुढच्या मोर्चाला जातील तेव्हा प्रत्येक दहा जणांत एकाकडे वही-पेन द्या. पट्टीवरचं नाव, गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहा. पट्टी काढून ठेवली असेल तर तेही लिहा. मार लागला तर घरी हळद लावत बसू नका, सरकारी दवाखान्यात जाऊन जखमांची नोंद करून घ्या. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती नीट ठेवा. एक प्रत इथं विहाराच्या कपाटात असू द्या.

जयभीम.