पायवाट कोणाच्या मालकीची?

(अभ्यासवर्गात केलेले भाषण)

संयोजकांनी मला 'जमीन, मालकी आणि श्रमिक' हा विषय दिला आहे. चौतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यामुळे या विषयावर दोन तास बोलण्याची सामग्री माझ्यापाशी आहे. तथापि आज मी टिपणे आणलेली नाहीत. गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या मुलाबरोबर इंग्लंडमध्ये आठ दिवस पायी चालले. त्याविषयी बोलावे असा विचार आहे. विषय सोडून बोलते आहे असे वाटले तर थोडा धीर धरावा.

माझा मुलगा मँचेस्टरला अभियंता आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी तो तिकडे गेला. लहानपणी मी त्याला सिंहगडावर नेत असे, तेव्हा अर्ध्या वाटेवर तो बसकण मारीत असे. आता बसकण मी मारते आणि सॅक तो उचलतो. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे गेले असता त्यानेच सुचवले, "आई, घरात बसून आपण नुसते वर्तमानपत्र वाचतो. चल, चालायला जाऊ." आम्ही जी वाट निवडली तिचे नाव 'पेनाइन वे'. डर्बीशायरमधील ईडेल या खेड्यापासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येटमपर्यंत २६८ मैलांची ही पायवाट इंग्लंडच्या कण्यावरून जाते. आम्ही तिचा दक्षिणेकडील भाग, ईडेल ते मॅलम, एवढाच चाललो. आपल्यापैकी पुष्कळांना या ठिकाणी पंढरीची वारी आठवली असेल. मलाही आठवली. पण तो विषय वेगळा आहे, आणि वारीशी तुलना करण्याचा मोह आपण मराठी माणसांनी मधूनमधून आवरावा असे मला वाटते.

पहिल्याच दिवशी आपण किंडर स्काउटच्या पठारावर चढतो. उंची जेमतेम ६३६ मीटर, म्हणजे आमच्या सिंहगडाच्या निम्मीही नाही. वर झाड नाही. कुजलेल्या वनस्पतींची काळी, पाणी धरून ठेवणारी माती, तिच्यावर खुरटी झुडपे, आणि न थांबणारा वारा. या ओसाड माळावर जाण्यासाठी माणसांनी तुरुंगवास भोगला आहे, हे सांगितल्याशिवाय खरे वाटणार नाही.

इंग्लंडमध्ये सामाईक जमिनींना कुंपणे घालण्याचा इतिहास आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने असे पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लक्ष एकर जमीन त्यांच्याखाली गेली. गायरान गेले की गुरे जातात आणि गुरे गेली की माणूस शहराकडे मजुरीला जातो, एवढा भाग मी वर्गात दरवर्षी शिकवीत असे. त्याची दुसरी बाजू मला किंडरवर उभी राहीपर्यंत नीट उमगली नव्हती. ज्यांचे आजे-पणजे जमिनीवरून हुसकले गेले, त्यांच्या नातवंडांना गिरणीतून रविवारची सुटी मिळाली, तेव्हा ती घालवायला शहराबाहेर पाऊल ठेवण्याचीही सोय उरलेली नव्हती. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधोमध ही पठारे पसरलेली. पण ती जमीनदारांच्या ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेली. वर्षातून थोडे दिवस बंदुका वाजायच्या, उरलेले वर्षभर रखवालदार हिंडायचे.

रविवारचा उल्लेख झाला, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करणे प्राप्त आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून देण्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. आपण या विजयाचा उल्लेख करतो आणि तेथेच थांबतो. सुटी मिळालेल्या कामगाराने त्या दिवशी जायचे कोठे, हा प्रश्न आपल्या चळवळीने फारसा विचारलेला नाही. मोकळा वेळ आणि मोकळी जागा या दोन्ही मिळाल्या तरच विश्रांतीला अर्थ येतो.

मँचेस्टरच्या तरुणांनी तो प्रश्न विचारला. २४ एप्रिल १९३२, वार रविवार. हेफिल्ड गावाजवळच्या दगडाच्या खाणीत काही शेकडा कामगार जमले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. विल्यम क्लफ नावाच्या घळीतून ते उघडपणे वर चढले, रखवालदारांशी झटापट झाली आणि परतताना सहा जणांना पकडण्यात आले. गंमत पाहा, दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल ठेवणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा नव्हता, ती दिवाणी बाब होती. त्यामुळे खटला भरला गेला तो दंग्याच्या आणि चिथावणीच्या आरोपाखाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले. मुलगा आणि मी त्या घळीच्या माथ्यावर बसून शिदोरी सोडली. तो म्हणाला, "मी येथे दहा-बारा वेळा आलो असेन. हे मला कोणी सांगितले नव्हते."

आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावी अशी एक बाब आहे. पदयात्रींच्या अधिकृत संघटनांना हा सत्याग्रह मान्य नव्हता. जमीनदारांशी चाललेल्या वाटाघाटी त्याने बिघडतील असे त्यांचे म्हणणे. पेनाइन वेची कल्पना ज्यांची, ते टॉम स्टीफन्सन हेही या प्रसंगाला फारसे महत्त्व देत नसत. हे गृहस्थ काही बोटचेपे नव्हते. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंग पाहिला होता. १९३५ साली 'डेली हेरल्ड' या मजूर पक्षाच्या बाजूच्या दैनिकात लेख लिहून त्यांनी या लांब पायवाटेची मागणी केली आणि पुढची तीस वर्षे एकेक शेत, एकेक कुंपण, एकेक मालक यांच्यापाठीमागे ते लागले. वाट खुली झाली ती १९६५ साली, मॅलमजवळच्या माळावर. तारीख पुन्हा २४ एप्रिल. रॉथमनचा मार्ग बरोबर की स्टीफन्सनचा, यावर आपल्याकडे एक शिबिर सहज निघेल. माझे मत विचाराल तर १९३२ च्या शिक्षांनी लोकमत हलले नसते तर १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा इतक्या सहजी झाला नसता. आणि कायदा होऊनही स्टीफन्सनसारखा चिकट माणूस नसता तर तो कागदावरच राहिला असता.

त्या कायद्याच्या आदल्या वर्षी स्टीफन्सन यांनी मजूर पक्षाच्या काही खासदारांना या डोंगरांतून तीन दिवस चालवले. त्यांत बार्बरा कॅसल होत्या आणि ह्यू डाल्टनही होते. हे नाव वाचून मी थबकले. 'महत्तम सामाजिक लाभाचे तत्त्व' सांगणारे डाल्टन! सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला मी त्यांच्या आकृत्या फळ्यावर किती वेळा काढल्या असतील त्याची गणती नाही. अर्थमंत्री असताना १९४६ साली त्यांनी युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून पाच कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमिनिधी उभारला, त्याचा पैसा युद्धसामग्रीच्या विक्रीतून यावयाचा होता. पुढे १९५७ साली हुजूर पक्षाच्या सरकारने तो एक कोटीवर आणून ठेवला. असो. आमच्या पाठ्यपुस्तकात डाल्टन यांची आकृती होती, त्यांचे बूट नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दलदल लागते. लोकांच्या पावलांनी ती माती इतकी उखडली होती की जागोजाग दगडी फरश्या टाकाव्या लागल्या. या फरश्या पाडलेल्या जुन्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत, हेलिकॉप्टरने वर आणून एकापुढे एक मांडलेल्या. काहींना अजून भोके दिसतात, यंत्रे बसवण्याची. मी तेथे खाली बसून हात फिरवला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा आमच्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईहून इकडे आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला. ज्या फरशीवर तेथील बायका-पोरे बारा बारा तास उभी राहिली, ती आता कोणीही यावे आणि चालावे अशी वाट झाली आहे. मनात गिरणगाव आले. १९९१ च्या नियमाने मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन वगळली गेली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या जमिनींवर आज काय उभे आहे ते लोअर परळला उतरून कोणालाही पाहता येईल. बागेसाठी सोडावयाची फरशी आपण मॉलला दिली.

हे मी मुलाला सांगू लागले. फरश्यांची वाट एका माणसापुरतीच रुंद. तो पुढे, मी मागे. तोंडे दिसत नसली की बोलणे सोपे जाते, हे मला त्या दिवशी कळले. बराच वेळ तो ऐकत होता. मग न थांबता, मागे न वळता म्हणाला, "आई, तो लेख तू माझ्यावर लिहिला होतास ना?"

तो इकडे आला त्या वर्षी मी एका नियतकालिकात लेख लिहिला होता. सरकारी महाविद्यालयात जनतेच्या पैशाने शिकून परदेशी जाणाऱ्यांकडून त्या खर्चाची भरपाई घ्यावी, असा त्याचा आशय. प्रा. जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या कराचा मी त्यात आधार घेतला होता. मुलगा सरकारी महाविद्यालयातच शिकला. लेख त्याने वाचला असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

"तुझा मुद्दा चूक आहे असे मी म्हणत नाही," तो पुढे म्हणाला. "पण तू वाचकांना सांगितलेस. मला विमानतळावर फक्त लोणच्याची बरणी नीट धर म्हणालीस."

मित्रहो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. लेखातील मत मी अजूनही सोडलेले नाही, आणि ते त्याला तेथेच सांगितले. तो म्हणाला, "मग पैसे किती होतात ते काढ. मी देतो." हे तो उपरोधाने म्हणाला की मनापासून, ते पाठीवरून ओळखता येईना. संध्याकाळी मुक्कामी कागद घेऊन आम्ही खरोखरच हिशेब करावयास बसलो. त्याचे चार वर्षांचे शिक्षण, त्याने भरलेले शुल्क, व्याजाचा दर कोणता धरावा. व्याजाच्या दरावरून भांडण झाले. माझा दर त्याला सावकारी वाटला. बारा वर्षांत आम्ही एवढे बोललो नव्हतो.

सारे काही तेथे सुरळीत आहे असे कृपया समजू नका. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर हिंडण्याचा हक्क मिळाला, तो इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीपुरता. डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याच्या हक्काविरुद्ध एक जमीनमालक न्यायालयात गेला. २०२३ च्या जानेवारीत तो हक्क गेला, जुलैमध्ये परत मिळाला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. २००२ साली, किंडरच्या सत्याग्रहाला सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या वेळच्या मालकाच्या वारसाने, डेव्हनशायरच्या ड्यूकने, जाहीर क्षमा मागितली. माझ्या मुलाला ही गोष्ट फार आवडली. मी म्हटले, क्षमा सत्तर वर्षांनी मिळाली, जमीन अजून त्यांच्यापैकी पुष्कळांकडेच आहे. तो म्हणाला, "तुझे काही केल्या समाधान होत नाही."

आठव्या दिवशी आम्ही मॅलमला पोहोचलो. माझा उजवा गुडघा सुजला होता आणि त्याची रजा संपली होती. पगारी रजा, जिच्यासाठी त्या देशातही १९३८ पर्यंत कायदा नव्हता. पुढचे जवळजवळ दोनशे मैल बाकी आहेत. हिशेबाचा कागद त्याच्याकडेच आहे. त्याने तो नकाशाच्या पिशवीत घातला. येत्या मे महिन्यासाठी त्याने दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला आहे. व्याजाचा दर अद्याप ठरलेला नाही.